डिसेंबरातला पंखा

मे महिन्यात कुणाला कळणार होतं?
शेहेचाळीसच्या उन्हात
अख्खं नागपूर म्हणत होतं, गरम होते बाप्पा,
त्यात ताईचा एक आवाज.
कूलरचे ताटवे मी दोनदा बदलले,
टाकीत बर्फाची लादी फोडून टाकली,
दोष वाळ्याला दिला.

कळलं ते डिसेंबरात.
तांडापेठेत लोक टायर जाळून शेकत होते,
सानू दोन स्वेटरांत गोल झाली होती,
आणि बेबीनंदाताई पंख्याखाली,
पंखा पाचवर,
पदरानं मान पुसत.

तोवर नऊ किलो गेले होते.
चार पोळ्या खाऊन पाचवी मागायची
आणि तरी बांगड्या कोपरापर्यंत चढायच्या.
फॉलच्या साड्या तीन आठवडे तशाच पडून,
सुईचं नेढं दोऱ्याला सापडेना.
गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई डोळे वटारते.
ती नुसती बघत असायची.

धंतोलीतल्या डॉक्टरीणबाईंनी
तिला दोन्ही हात समोर धरायला लावले,
बोटांवर कागद ठेवला,
आमचीच नंबराची चिठ्ठी.
खोलीत वारा नव्हता.
कागद फडफडला.
ताई माझ्याकडे पाहून हसली,
चोरी पकडल्यावर लहानपणी मी हसायचो तशी.

गळ्यातली एवढीशी ग्रंथी, बाई म्हणाल्या,
गरजेपेक्षा जास्त काम करून राहिली.
आई गेली तेव्हा ताई एकोणीसची होती, मी सातचा.
मी काही बोललो नाही.

गोळ्या, म्हणाल्या, दीड वर्ष, कदाचित दोन,
घसा दुखून ताप आला तर काढा करत बसायचं नाही,
तडक यायचं, रक्त तपासायचं.
नाहीतर किरणांचं औषध, एकदाच घ्यायचं,
पण मग काही दिवस वेगळी खोली,
लेकराला कुशीत घ्यायचं नाही,
आणि पुढं बहुतेक जन्मभर दुसरी गोळी.
नाहीतर ऑपरेशन, मानेवर एक आडवी रेघ.
"फॉलच्या टिपेसारखी आतून नाही का मारता येत?"
ताईनं विचारलं.
बाई पहिल्यांदा हसल्या.

गल्लीकडे तर प्रत्येकाची आपली वाट.
नंदेश्वरकाकूंनी धण्याचं पाणी आणून दिलं, वर मीठमोहऱ्या.
प्रफुल्लचा फोन, हैदराबादले ने, पैशाचं पाहू.
मेडिकलच्या रांगेत एक माणूस भेटला,
त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालेलं,
सगळं ठीक, फक्त आवाज बसला.
"आता भांडत नाही," म्हणाला,
आणि हसला नाही.

रात्री उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर
मी तीन रकाने आखले.
प्रत्येकाखाली खर्च, दिवस, भीती.
खर्चाला आकडा होता.
ताईनं वही ओढून घेतली,
सानू तिच्या पोटावर पाय टाकून झोपलेली,
आणि मधल्या रकान्यावर काट मारली.
काट सरळ आली नाही.
कारण मी विचारलं नाही.
कारण तिथंच घोरत होतं.

"मग गोळ्यांनी सुरू करू," बाई म्हणाल्या,
"बाकीचे दोन रस्ते कुठं पळून जात नाहीत."

तेव्हापासून रोज रात्री
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी तिचं मनगट धरतो.
एकशे अठरा.
एकशे चार.
शहाण्णव, त्या दिवशी मी जिलेबी आणली.
रविवारी परत एकशे दहा.
जिलेबीचं ती कुणाला सांगत नाही, मीही नाही.

परवा मध्यरात्री जाग आली
ती कशानं, हे आधी कळेना.
मग कळलं, आवाज नव्हता.
पंखा थांबलेला.
लाइट गेली असेल म्हणून बटणं दाबली,
दिवा लागला,
आणि ताई उठून बसलेली,
सानूच्या अंगाखालून
दुलईचं टोक ओढून काढत.

"काय पाहून राहिला रे," म्हणाली,
"निज."